पिल्लू घरात, आपण ऑफिसात

दुपारचे अडीच वाजले होते. ऑफिसमध्ये मीटिंग सुरू होती आणि माझा फोन टेबलाखाली, मांडीवर. फोनच्या स्क्रीनवर आमचा हॉल लाइव्ह दिसत होता. तुम्हाला वाटेल, घरात चोर शिरला होता की काय! चोर नव्हता, खारी होती. खारी म्हणजे आमचं अडीच महिन्यांचं पिल्लू. चहात बुडवायच्या खारीसारखा रंग, म्हणून नाव खारी. कपडे वाळत घालायच्या स्टँडवरून तिने माझा मोजा ओढला, त्याच्याशी जरा वेळ कुस्ती खेळली आणि माझ्या डोळ्यांदेखत गिळून टाकला.

कॅमेऱ्याला स्पीकर होता. मी मीटिंगमधून बाहेर पळाले आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहून ‘खारी, नो! सोड!’ असं ओरडले. तिने मान वर केली, आवाज कुठून येतोय ते शोधलं आणि खूश होऊन शेपटी हलवली. तोवर मोजा पोटात गेला होता.

हिंजवडीहून कोथरूडला मी कशी पोहोचले ते मला आठवत नाही. दुपार होती म्हणून पाऊण तासात आले, संध्याकाळ असती तर दीड तास लागला असता. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला उलटी करायला लावली आणि मोजा अख्खा बाहेर आला. ‘नशीबवान आहे. आतड्यात अडकला असता तर पोट उघडावं लागलं असतं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘दिवसभर घरी कोण असतं हिच्याजवळ?’ मी म्हटलं, ‘कॅमेरा आहे.’ त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

ती नजर मला अजून टोचते. म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या डोक्यात सध्या हेच चाललं असणार, की नोकरी लागली, फ्लॅट मिळाला, आता एक पिल्लू हवं. हवंच! पण ते आणायच्या आधी ब्रीड कोणती, नाव काय ठेवायचं आणि इन्स्टाला पेज उघडायचं का, यावर आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ तरी एका साध्या हिशेबाला द्या.

तो हिशेब असा. तुम्ही सकाळी साडेआठला घर सोडता. नऊ तासांची शिफ्ट, जाता-येता मिळून दोन तास. म्हणजे घराला कुलूप अकरा तास. आता पिल्लाचं बघा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू साधारण दोन-तीन तासच शू धरू शकतं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. ते दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतं हे खरं, पण सलग नाही. एक डुलकी झाली की अर्धा तास धिंगाणा, की परत डुलकी. त्या धिंगाण्यात समोर येईल ते तोंडात जातं. दात येत असतात, हिरड्या शिवशिवत असतात आणि जग समजून घ्यायला त्याच्याकडे हात नाहीत, तोंडच आहे. म्हणजे अकरा तासांत त्याला तीन-चारदा शू, दोनदा जेवण आणि प्रत्येक जागेपणी कुणीतरी माणूस लागतो. यातलं काय कॅमेरा करणार?

माझं म्हणणं इतकंच आहे. घरातलं पिल्लू कुलपाने किंवा ॲपने सुरक्षित राहत नाही, माणसांनी सुरक्षित राहतं. घर नीट आवरून ठेवायलाच हवं, पण त्याने फार तर दोन-तीन तासांची सोय होते. उरलेल्या वेळाला माणूस शोधावाच लागतो.

आधी घराचं सांगते, कारण आम्ही पहिली चूक तिथेच केली. पिल्लाला मोकळं वाटावं म्हणून आम्ही अख्खा हॉल तिच्यावर सोपवला होता. खरं तर एवढ्याशा जिवाला एवढी जागा लागतच नाही. एक कोपरा पुरतो. जाळीचं घडीचं कुंपण मिळतं, त्यात एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला शूसाठी वर्तमानपत्र, न सांडणारं पाण्याचं भांडं आणि चावायला दणकट रबरी खेळणं. आवाज करणारी प्लास्टिकची खेळणी एकटं असताना देऊ नका, त्यातली शिट्टी निघून घशात जाते. आणि बाहेर पडताना गळ्यातला पट्टा काढा. तो जाळीत अडकला तर सोडवायला कुणी नसतं.

मग जमिनीवर पालथं पडून घर बघा. हसू नका, खरंच पडून बघा. पिल्लाच्या उंचीवरून आपलं घर वेगळंच दिसतं. सोफ्यामागची चार्जरची वायर, मच्छरांच्या लिक्विडचं खाली लावलेलं मशीन, कपाटाच्या फटीत पडलेली डांबराची गोळी, उशीखालून घरंगळलेली पेनकिलर. यातली प्रत्येक वस्तू जीवघेणी ठरू शकते. माणसाची साधी डोकेदुखीची गोळीही कुत्र्याला विष होऊ शकते. प्रसादातल्या मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण आणि काही शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असणारं झायलिटॉल यातलं काहीही त्याच्या पोटात जाता कामा नये. गॅलरीतल्या झाडांत कण्हेर किंवा सायकस असेल तर ती कुंडी आजच हलवा. आणि काही गिळलंच, तर घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. थेट डॉक्टरांकडे न्या, आणि काय खाल्लं त्याचं पाकीट सोबत घ्या.

आता आपल्याकडचे तीन लाडके शॉर्टकट. पहिला, गॅलरी. ‘मोकळी हवा मिळते ना त्याला!’ हवा मिळते, पण एप्रिलच्या दुपारी फरशी तव्यासारखी तापते, सावली सरकते, आणि ग्रिलच्या ज्या फटीतून आपला हात जात नाही असं वाटतं, तिच्यातून पिल्लाचं डोकं आरामात जातं. दुसरा, बाथरूम. तिथे फिनेल, ॲसिड, भरलेली बादली. लहान पिल्लू बादलीत डोकावताना आत पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही. तिसरा, साखळी. बांधलेलं पिल्लू स्वतःभोवती गुंडाळून घेतं, गळफास बसू शकतो. शिवाय हा नुसता माझा हळवेपणा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपल्याकडचा कायदा 1960 सालचा आहे. आखूड किंवा जड साखळीला जनावर अवास्तव वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या, कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या कलम 11 मध्ये क्रूरता म्हणूनच लिहिलेल्या आहेत.

‘मग डे-केअरला टाकू की!’ असं तुम्ही म्हणाल. टाका, पण लगेच नाही. पिल्लाची लसीकरणाची मालिका सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि साधारण चार महिन्यांपर्यंत चालते. ती पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यात त्याला नेणं म्हणजे पार्वोसारख्या आजाराला आमंत्रण. म्हणजे गंमत बघा, ज्या दोन महिन्यांत पिल्लाला माणसांची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमके तेच दोन महिने त्याला घरीच ठेवावं लागतं.

मोजा प्रकरणानंतर त्या रात्री मी आणि माझी फ्लॅटमेट कागद-पेन घेऊन बसलो. तिने पहिला आठवडा रजा टाकली, दुसरा मी. आमचं दोघींचं ऑफिस हायब्रिड, पण आम्ही एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर असायचो. मॅनेजरशी बोलून दिवस उलटसुलट करून घेतले. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे. उरलेल्या दोन दिवसांचा प्रश्न होता. कामाला येणाऱ्या मावशी सकाळी नवाला यायच्या, त्यांना साडेअकराला यायला जमेल का विचारलं. त्या ‘कुत्र्याचं मी काही करणार नाही बरं का’ म्हणाल्या. आम्ही म्हटलं, नुसतं पेपर बदला आणि वाटीत खाणं ठेवा, त्याचे वेगळे पैसे घ्या. महिनाभरात खारी मावशींच्या मागे मागे किचनभर फिरत होती आणि मावशी तिच्याशी माझ्याबद्दलच्या तक्रारी करत होत्या. दुपारी खालच्या मजल्यावरचे आजोबा अर्धा तास येऊन बसायचे. त्यांना वर्तमानपत्र वाचायचंच असायचं, ते आमच्याकडे बसून वाचायचे. सव्वाचारला बाराव्वीतला शेजारचा मुलगा. त्याच्या घरी कुत्रा पाळू देत नाहीत, त्याला खारी हवीच होती.

म्हणजे उत्तर सोसायटीतच होतं. आम्ही फक्त कुणाला विचारलं नव्हतं. शहरात राहणाऱ्या आपल्या पिढीची ही खोड आहे. ऑनलाइन पाच हजारांचं गॅजेट मागवू, पण शेजारचं दार वाजवायला लाजू.

एकटं राहणंही शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटं दाराबाहेर उभं राहा आणि परत या. मग पाच, मग पंधरा, मग अर्धा तास. जाताना ‘मम्मा येतेय हं लग्गेच’ असा पाच मिनिटांचा निरोप समारंभ नको आणि परत आल्यावर आरडाओरडाही नको. त्याला कळू द्या, की ही माणसं जातात आणि परत येतात, त्यात विशेष काही नाही.

आणि घरी आल्यावर उशी फाटलेली दिसली तर ओरडू नका. ‘बघ कसं गिल्टी तोंड केलंय, त्याला बरोबर कळतं!’ असं आपण म्हणतो आणि त्याची रील करतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये याच तोंडाचा अभ्यास मांडला होता. कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध नसतो, मालक रागावतोय याच्याशी असतो, असं त्यात दिसलं. चार तासांपूर्वीची उशी त्याच्या डोक्यातही नसते. त्याला एवढंच कळतं, की आपलं माणूस घरी आलं आणि भडकलं.

‘म्हणजे नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये?’ हा प्रश्न मला हमखास येतो. अजिबात तसं नाही. मीही नोकरीच करते. पण पिल्लूच हवं असेल, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांचं वेळापत्रक ते घरी यायच्या आधी तयार हवं. कोण, किती वाजता, कोणत्या दिवशी, आणि तो माणूस आजारी पडला तर कोण. हे कागदावर जमत नसेल, तर तूर्त थांबा. किंवा मोठा कुत्रा दत्तक घ्या. शेल्टरमध्ये दोन-तीन वर्षांचे, लसीकरण झालेले, शांत स्वभावाचे देशी कुत्रे वाट बघत असतात. त्यांना शू धरता येते, दुपारभर झोपता येतं. आपल्याला फक्त गोंडस पिल्लू हवं असतं म्हणून ते तिथेच राहतात. पिल्लू विकत घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनुसार बंदी आहे. कुणी ‘पाच आठवड्यांचं आहे, लवकर घेतलं की लळा लागतो’ म्हणालं, तर तिथून निघा.

खारी आता दीड वर्षाची आहे. सकाळी आम्ही निघालो की ती एक डोळा उघडून बघते आणि परत झोपते. कॅमेरा आहे अजून, पण मी तो क्वचितच उघडते. उघडला की बहुतेक वेळा आजोबा पेपर वाचताना दिसतात आणि त्यांच्या पायाशी खारी. मोजे मात्र मी अजूनही कपाटात, वरच्या खणात ठेवते.

तुमच्या घरी पिल्लू यायचं असेल, तर आज संध्याकाळी एक काम करा. भांडी, बेड, खेळणी कार्टमध्ये टाकायच्या आधी शेजारचं दार वाजवा.