घरची पारख : छर्‍याची बंदूक, स्प्रिंगची की गॅसची?



माजलगाव तालुक्यातील एका वाचक भावाचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा शाळेतर्फे नेमबाजीच्या स्पर्धेत उतरला आणि आता घरी सरावासाठी एअर रायफल हवी म्हणतो. दुकानदाराने दोन दाखवल्या, एक स्प्रिंगची आणि एक गॅसची. गॅसची महाग आहे. "जास्त दिवस टिकेल आणि दगा देणार नाही अशी कोणती, एवढेच सांगा," असे ते लिहितात. पत्राखाली मुलाच्या अम्मीने वेगळ्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : "घरात बंदूक आणावीच का, तेही लिहा."

मस्साजोगच्या घटनेनंतर आपल्या जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची जी चर्चा झाली, ती पाहता या माउलीची काळजी समजते. म्हणून दोन्ही प्रश्न घेऊ. आधी वडिलांचा.

दोन्ही बंदुकांचे तत्त्व एकच. सायकलचा पंप आठवा. नळी मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे जातो आणि अडकतो. चाप ओढला की तो जोरात पुढे येतो, हवा दाबली जाते आणि ती हवा छर्‍याला ढकलते. फरक दट्ट्याला ढकलणार्‍या वस्तूत आहे. एका बंदुकीत पोलादी स्प्रिंग असते, दुसरीत दाबाखाली वायू भरलेली बंद नळी. मोटारीच्या डिकीचे झाकण वर धरून ठेवणारी काळी नळी पाहिली असेल, तिचाच हा भाऊबंद. स्प्रिंगच्या रायफली शंभर वर्षांपेक्षा जुन्या आहेत. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात त्या 1905 पासून बनू लागल्या. गॅसची पद्धत त्या मानाने अलीकडची.

गॅसचे गुण आधी सांगतो. स्प्रिंग ताणून तासभर ठेवली तर ती हळूहळू दमते. गॅसच्या नळीला त्याचा त्रास फार कमी. बार उडताना स्प्रिंगची जी झणझण हाताला लागते, ती यात नसते. मात्र गॅसची बंदूक ओढताना सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लागतो. स्प्रिंगमध्ये तो वाढत जातो, म्हणून कोवळ्या हाताला ती थोडी सोपी पडते.

आता आपल्या उन्हाचा हिशेब. बंद नळीतील वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. हिवाळ्यातल्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्यात 43 अंश धरले, तर दाबात अकरा-बारा टक्के फरक पडतो. त्याने बंदूक बिघडत नाही, पण छर्‍याचा वेग बदलतो आणि सकाळी जुळवलेला नेम दुपारी थोडा सरकू शकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ती ठेवली, तर वायू रोखणार्‍या रबरी सीलचे आयुष्यही घटते. थंडीत स्प्रिंगच्या बंदुकीचे ग्रीस घट्ट होते, पण आपल्याकडच्या थंडीत ते फारसे जाणवत नाही.

खरा प्रश्न असा की बिघडल्यावर काय होते. स्प्रिंग सहसा आधी इशारा देते. जोर कमी होतो, ओढताना खरखर लागते, पाच छर्‍यांचा घोळका पसरतो. पुष्कळदा तुटलेली स्प्रिंगही काही दिवस काम करते. नवी स्प्रिंग आणि दट्ट्याचे वायसर मिळते, आणि जाणकार मिस्त्री ते बसवून देतो. गॅसची नळी गळू लागली, की ती घरी किंवा गावात भरता येत नाही. बहुधा अख्खी नळी मागवावी लागते. कंपनीचा सुटा भाग मिळाला नाही, तर बंदूक कोपर्‍यात उभी राहते.

आमच्या मामूंकडे अंबाजोगाईला स्प्रिंगची एक जुनी बंदूक होती. तिचे कातडी वायसर मामू स्वतः कापून बसवत. आज त्या जागी बहुतेक सिंथेटिक सील असते. तालुक्याच्या गावाला मी याच गोष्टीला भरवसा म्हणतो : जवळच्या माणसाला दुरुस्त करता येणे. म्हणून माझे मत स्प्रिंगच्या बाजूने. तुमच्या दुकानदाराकडे गॅसची सुटी नळी खरोखर ठेवलेली असेल आणि ती बसवून देण्याची हमी तो पावतीवर लिहून देत असेल, तरच गॅसचा विचार करा.

जास्त ताकदीच्या मोहात पडू नका. दहा मीटरच्या स्पर्धेतील रायफलींची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते. अभिनव बिंद्रा यांनी 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकले ते याच दहा मीटर एअर रायफल प्रकारात. त्या रायफली आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात आणि फार महाग असतात. मुलगा पुढे गेलाच, तर तेव्हा क्लबची रायफल वापरता येईल. सरावाला मध्यम ताकदीची बरी. तिच्या स्प्रिंगवर ताण कमी पडतो, म्हणून ती टिकतेही जास्त.

"बंदूक बिघडली" अशा कित्येक तक्रारी बंदुकीच्या नसतातच. दट्ट्याच्या धक्क्याने दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. दर आठवड्याला तपासा. बंदूक घट्ट आवळून धरली तरी नेम चुकतो. तळहातावर सैल टेकवावी. छर्रा न भरता चाप ओढू नये, दट्ट्या रिकाम्या नळीत आपटतो आणि सील फाटते. हवेच्या कोठीत खोबरेल वा कसलेही तेल ओतू नये, दाबाने ते पेट घेते. छर्रा बसवताना मोडलेली नळी एका हाताने धरूनच ठेवावी. आणि स्प्रिंग घरी उघडायचा उद्योग मुलाने करू नये. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर हात फोडते.

आता अम्मींचा प्रश्न.

कायद्याने 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये तशी तरतूद आहे. खरेदी वडिलांच्या नावाने करा, ओळखपत्र द्या, पावती जपा. पण परवाना नाही म्हणून ते खेळणे होत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळा कायमचा घेऊन जातो.

मामूंची ती बंदूक एकदा भरलेली राहिली होती. आम्हा पोरांपैकी एकाने भिंतीवरून काढून गंमत म्हणून चाप ओढला. ओसरीतल्या रांजणाला भोक पडले. दोन मिनिटांपूर्वी त्याच रांजणापाशी खाला पाणी घेत होती. मामू कुणालाच रागावले नाहीत. त्यांनी रांजण तसाच अंगणात ठेवला, आणि बंदूक पेटीत गेली. पेटीची किल्ली मग मुमानींच्या कमरेला असे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिरंदाजीला उत्तेजन दिले, हे आपण ऐकलेले असते. त्याच हदीसच्या ग्रंथांत हेही आहे की भावाकडे, अगदी थट्टेतही, शस्त्र रोखण्यास त्यांनी मनाई केली. काही तरुणांनी पक्षी बांधून त्यावर नेम धरलेला हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी पाहिला, तेव्हा सजीवाला निशाणा बनवणार्‍यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याची आठवण त्यांनी करून दिली. आपल्याकडे ज्वारीवर पोपट येतात, वाड्यांत वानरे येतात, पाटोद्याकडे नायगावच्या मयूर अभयारण्याच्या भोवती मोर शेतात उतरतात. बंदूक घरात आली की पहिला मोह तिकडेच जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि दीनच्या दृष्टीने काय आहे ते वर आलेच. राखणीला गोफण आणि हाकारा पुरे.

तेव्हा भाऊ, आणायची तर चार अटी घाला. बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत. सराव मोठ्या माणसासमोरच, डोळ्यांवर चष्मा लावून. निशाण्यामागे जुन्या कपड्यांनी गच्च भरलेले खोके आणि त्यामागे भिंत. पत्रा नको, छर्रा उलटून येतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाणे नाही.

आणि किल्ली मुलाच्या अम्मीकडे. ज्या दिवशी त्यांना मुलाचा भरवसा वाटणार नाही, त्या दिवशी पेटी उघडणार नाही. एवढे घरात कबूल होत असेल तर स्प्रिंगची खुशाल घ्या. होत नसेल, तर शाळेतला सराव आहेच.