मुदत संपल्यावर राहिलेला डॉक्टर

गेल्या महिन्यात नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात बसलो होतो. खरेदी पत्नीची चालली होती आणि अशा वेळी नवऱ्याच्या वाट्याला जे येते तेच माझ्या वाट्याला आले होते: गादीच्या कोपऱ्यावर बसून चहा पिणे. दुकानाचे मालक जुन्या ओळखीचे. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे आणि त्याला डॉक्टर व्हायचे आहे. मी सहज विचारले, "डॉक्टर कोटणीस कोण होते, माहीत आहे का रे?" पोरगा गोंधळला. त्याच्याऐवजी आजोबाच म्हणाले, "माहीत नसायला काय झालं साहेब! आपल्या सोलापूरचाच की. चीनला गेला, जपान्यांनी धरला, कैदेतून पळाला आणि प्लेगनं वारला. पिक्चर बघितलाय की आम्ही!"

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. उरलेल्या तीन व्ही. शांताराम यांच्या.

'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ साली आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून तो बेतला होता. नायक स्वतः शांताराम, नायिका जयश्री. चित्रपटाला उत्कर्षबिंदू लागतो, म्हणून डॉक्टर शत्रूच्या हाती सापडतो, निसटतो आणि ज्या रोगाशी झुंजतो त्याच रोगाला बळी पडतो. याबद्दल शांतारामबापूंना दोष देण्याचे कारण नाही. त्या चित्रपटाने कोटणीस हे नाव घरोघर नेले. पण खऱ्या कोटणीसांना कोणी पकडले नव्हते, ही साधी गोष्ट मात्र त्यात हरवली. माझ्या मते त्यांचे सारे मोठेपण त्याच गोष्टीत आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला. भोंग्यावर घड्याळ लावणारे, गिरणगावातले ते मध्यमवर्गीय घर. १९३० च्या मे महिन्यात या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यात फासावर गेले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होता. पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून तो डॉक्टर झाला आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागला. घराने पैशाची ओढाताण करून शिकवलेला मुलगा. आता कुठे हाताशी आलेला.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि पुढल्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. आपण स्वतः गुलाम, खिशात दमडी नाही, तरी शेजाऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधायला सुमारे २२ हजार रुपये जमले. पाच डॉक्टर निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून सुटली. ठरले होते एक वर्षाचे. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

हे एक वर्ष लक्षात ठेवावे. मी आयुष्यभर बँकेत काढले. मुदत हा शब्द माझ्या कानाला लवकर ऐकू येतो. कॅन्टन, हँको, चुंगकिंग असे मजल दरमजल करत, वाटेत तिथल्या रुग्णालयांतून काम करत हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. तिथे पोचण्याआधीच कोटणीसांना वडील गेल्याचे कळले होते. परतायला याहून मोठे कारण कोणते असते? कोणी बोटही दाखवले नसते. ते पुढे गेले. १९३९ मध्ये चोळकर आणि मुखर्जी परतले, पुढच्या वर्षी पथकप्रमुख अटल परतले. यात कमीपणा काहीच नाही. त्यांनी दिलेला शब्द पुरा केला होता. बसू येनानकडे काम करत राहिले आणि कोटणीस आघाडीवरच्या डोंगराळ मुलखात, आठव्या रूट आर्मीबरोबर गेले.

आता ज्याला खरोखरच पकडले त्या डॉक्टरची गोष्ट. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत या गावी 'पुणे डिव्हिजन' वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणींतले कितीतरी जवान होते. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांत कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर होते. कैदेतही ते सोबतच्या कैद्यांवर उपचार करत राहिले आणि १९१७ मध्ये रास अल ऐन इथे, कैदेतच वारले. पुढे जिनिव्हा कराराने स्पष्ट केले की शत्रूच्या हाती सापडलेला डॉक्टर हा युद्धकैदी नव्हे. त्याला परत पाठवावे, आणि ठेवून घ्यायचेच तर कैद्यांच्या आरोग्यापुरतेच. डॉक्टरला डांबून ठेवणे माणुसकीला सोडून आहे, एवढे तरी भांडणाऱ्या राष्ट्रांनी कागदावर कबूल केले. चीनमध्ये तर उलटेही घडले. जपानी सैन्यातले पकडले गेलेले काही डॉक्टर पुढे आठव्या रूट आर्मीच्या रुग्णालयांत चिनी जखमींवर उपचार करू लागले.

कैदेतल्या डॉक्टरबद्दल आपल्याला आदर वाटतो तो यासाठी की दार बंद असूनही त्याने हात थांबवला नाही. कोटणीसांचे दार उघडे होते. मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक सकाळी ते उघडेच होते.

आत काय होते तेही पाहावे. फील्ड हॉस्पिटल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या तंबूंची रांग येते. कोटणीसांचे रुग्णालय बहुधा खेड्यातल्या घरांतून पसरलेले असे. जखमी शेतकऱ्यांच्या ओसरीवर, शस्त्रक्रिया मिळेल त्या खोलीत. जपान्यांनी नाकेबंदी केलेली, औषधांचा तुटवडा, आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह सारे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी. कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथून याच भागात खेचरांच्या पाठीवर शस्त्रक्रियेचे सामान लादून हिंडले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे काम कोटणीसांनी पुढे नेले. १९४० च्या मोठ्या लढाईत बहात्तर तास न झोपता ते शस्त्रक्रिया करत उभे राहिले आणि त्या धुमश्चक्रीत आठशेंहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

पण बहात्तर तासांपेक्षा मला दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले. नुसती कामापुरती नव्हे. त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला बसले. वर्षभरासाठी आलेला माणूस दुभाष्यावर भागवतो. पुस्तक लिहितो तो, ज्याला आपण गेल्यानंतरही काम चालायला हवे असते. नावही त्यांनी चिनी घेतले, 'के दीहुआ'. १९४१ मध्ये परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

या काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. आघाडीपासून दूर जाऊन उपचार घ्या, असे वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी मानले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचा अंत झाला. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा, पाठ्यपुस्तक अर्धवट. चित्रपटातला प्लेग नव्हे, पकडणारे शत्रू नव्हेत. दमलेले शरीर आणि एक हट्टी आजार.

हा मृत्यू पडद्यावर नेण्याजोगा नाही, म्हणून कदाचित आपण तो विसरलो. कोटणीसांना आपण दोन प्रकारे वापरतो. चीनशी गोडी असली की त्यांची आठवण काढतो. चिनी राष्ट्राध्यक्ष हू जिंताव २००६ मध्ये आणि पंतप्रधान ली केकियांग २०१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली. संबंध बिघडले, १९६२ ला बिघडले, २०२० मध्ये गलवानला बिघडले, की नाव घ्यायला आपण संकोचतो. जणू त्या माणसाने सीमेच्या नकाशावर सही केली होती! तो जखमा शिवायला गेला होता. छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. त्यांचा यिनहुआ वैद्यकीच शिकत होता. तो १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्या स्वतः २०१२ मध्ये गेल्या. त्याच वर्षी सोलापुरात भय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले.

कोटणीसांचा उपयोग मला वेगळा वाटतो, आणि तो आपल्या जिल्ह्यातच आहे. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो. पुन्हा तेच एक वर्ष! १० लाख रुपये दंड भरून त्यातून सुटण्याची वाट कित्येकांनी धरली. अशा बातम्या आल्या की आपण चहाच्या कपावर तरुण डॉक्टरांना झोडपतो आणि शेवटी कोटणीसांचा दाखला देतो. मीही दिला आहे. आता तो द्यायला मला लाज वाटते. बढतीसाठी ग्रामीण शाखेची सक्तीची वर्षे मीही काढली. कॅलेंडरवर रेघोट्या मारून काढली. बदलीची ऑर्डर आली त्या संध्याकाळी गावातल्या मंडळींनी नारळ-शाल दिली तेव्हा माझे अर्धे सामान ट्रंकेत भरून झाले होते. त्या गावातल्या कर्जदारांची नावे मला पाठ होती. त्यांच्या घरी मात्र मी कधी जेवलो नव्हतो.

बाँडने माणूस वर्षभर पकडून ठेवता येतो. त्याला राहता करता येत नाही. कोटणीस का राहिले याचे उत्तर मी त्यांच्या मनात शिरून देऊ शकत नाही, पण त्यांच्याभोवती काय होते ते दिसते. ज्या खेड्यांनी आपली ओसरी जखमींना दिली, त्यांनी डॉक्टरलाही घरातला मानला. शिकायला उत्सुक विद्यार्थी होते. आपला हात इथे नसेल तर उद्या माणूस मरेल, हे रोज दिसत होते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रावर नवा डॉक्टर येतो तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्या राहण्याच्या खोलीला धड पाणी नसते, औषधाच्या कपाटात हवे ते नसते. रात्री रुग्ण दगावला तर पहिला हात त्याच्या कॉलरला जातो. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला २०१० मध्ये राज्याला कायदा करावा लागला, यातच सारे आले. कोटणीसांपाशीही साधने नव्हती, हे खरे. म्हणून आपल्या डॉक्टरलाही ती न देणे हा कोटणीसांचा आदर्श नव्हे, आपला आळस आहे.

म्हणून सांगावेसे वाटते ते तरुण डॉक्टरांना नव्हे, गावांना. येणाऱ्या डॉक्टरसाठी नळाला पाणी असलेली खोली ग्रामपंचायतीने तयार ठेवावी. औषधे संपली तर त्याच्यावर ओरडण्याआधी तालुक्याला जाऊन ओरडावे. आणि पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याला जेवायला बोलवावे. एवढ्याने सगळे डॉक्टर राहतील असे नाही. दहातला एक राहिला तरी बाँडने जे साधले नाही ते साधेल.

त्या दिवशी दुकानात मी आजोबांची चूक दुरुस्त केली. डॉक्टरांना कोणी पकडले नव्हते, असे सांगितले. आजोबांना ते फारसे रुचले नाही. पिक्चरमधला डॉक्टर त्यांना अधिक आवडतो. नातू मात्र इतका वेळ मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता. तो म्हणाला, "कोणी धरलंच नव्हतं, तर मग परत का नाही आले?"

तेवढ्यात साड्यांचे बिल झाले. मी त्याला येत्या रविवारी भय्या चौकात यायला सांगितले आहे. नवी पेठेपासून ते फार लांब नाही.