‘केबीसी’ पुन्हा पुन्हा परत कसं येतं? हॉट सीटच्या मागे बसलेल्या मालकांची गोष्ट

दरवर्षीचं ठरलेलं आहे. प्रोमो येतो, तो भारदस्त आवाज ऐकू येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “आलं बघ परत केबीसी.” मग फॅमिली ग्रुपवर नोंदणीचे प्रश्न फिरायला लागतात आणि दोन दिवसांनी तेच काका विचारतात, “अरे, ते रजिस्ट्रेशन कसं करायचं?”

‘कौन बनेगा करोडपती’ला जुलै २०२५ मध्ये २५ वर्षं झाली. एवढ्या काळात चॅनेल बदललं, एका सीझनला अँकर बदलला, शो अनेकदा बंद पडला. एकदा तर तीन वर्षं त्याचं नाव नव्हतं. तरीही तो परत आला.

का आला, असं विचारलं की पहिलं उत्तर मिळतं ‘अमिताभ बच्चन’ आणि दुसरं ‘जुन्या आठवणी’. दोन्ही खरी आहेत, पण अर्धीच. उरलेलं अर्धं उत्तर एपिसोड संपल्यावर सरकन निघून जाणाऱ्या नावांच्या यादीत आहे. ती यादी वाचायला आपण थांबत नाही. आज थांबूया.

आधी एक शब्द: फॉरमॅट

गेम शो विकला जातो म्हणजे जुने एपिसोड विकले जातात असं नाही. विकला जातो तो फॉरमॅट, म्हणजे शो कसा करायचा याची संपूर्ण पाककृती.

प्रश्न किती, पर्याय किती, लाइफलाइन कोणत्या, रक्कम कुठल्या टप्प्यावर दुप्पट होते, खुर्च्या कशा ठेवायच्या, प्रकाश कधी मंद करायचा, संगीत कुठे चढवायचं. हे सगळं एका जाडजूड दस्तऐवजात लिहिलेलं असतं. टीव्हीच्या धंद्यात त्याला चक्क ‘बायबल’ म्हणतात. परवाना घेणाऱ्याने शुल्क भरायचं आणि बायबल पाळायचं. ‘लॉक किया जाए’ आपल्याला अमिताभ यांचं वाटतं. पण उत्तर पक्कं आहे का असं पुन्हा विचारून समोरच्याला घाम फोडायचा, ही युक्ती मूळच्या ब्रिटिश शोमधली.

तो शो म्हणजे ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?’. ४ सप्टेंबर १९९८ ला तो आयटीव्हीवर सुरू झाला. ‘सेलाडोर’ नावाच्या कंपनीने तो बनवला होता आणि कंपनीचे प्रमुख होते पॉल स्मिथ. डेव्हिड ब्रिग्ज, माइक व्हाइटहिल आणि स्टीव्हन नाइट या तिघांनी तो रचला. यातले स्टीव्हन नाइट म्हणजे पुढे ‘पीकी ब्लाइंडर्स’ लिहिणारे तेच.

यातली खरी हुशारी पैशाच्या गणितात होती. दहा लाख पौंड आणायचे कुठून? शोमध्ये यायचं तर लोकांना जादा दराच्या नंबरवर फोन करावा लागे. त्या कॉलच्या पैशांतून बक्षिसाचा खर्च निघायचा. म्हणजे एकाला करोडपती करायला बाकीचे हजारो जण थोडी थोडी वर्गणी देत होते.

भारतात आलं आणि लगेच नकलाही आल्या

३ जुलै २००० च्या रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर केबीसी सुरू झालं. एबीसीएल कंपनीच्या कर्जात अडकलेल्या अमिताभ यांच्यासाठी तो दुसरा डाव होता. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले आणि पहिला करोडपती मराठी घरातला निघाला.

बाकीची चॅनेल्स गप्प बसली नाहीत. झीने अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांना घेऊन ‘सवाल दस करोड का’ काढला. बक्षीस थेट दहापट. सोनीने गोविंदाला घेऊन ‘जीतो छप्पर फाड के’ आणला. आज हे दोन्ही शो फार कुणाला आठवत नाहीत. बक्षीस मोठं केलं, स्टार आणले, पण चित्त थांबवून धरणारी ती पाककृती हाताशी नव्हती.

पुढे २००५ मध्ये दुसरा सीझन आला आणि अमिताभ यांच्या आजारपणामुळे २००६ च्या सुरुवातीला थांबला. २००७ मध्ये शाहरुख खानने तिसरा सीझन केला आणि मग शो गायब झाला. स्टारवर तो पुन्हा दिसलाच नाही.

स्टारवरून सोनीवर: मधे नक्की काय झालं?

इथे कॅमेरा मुंबईतून युरोपात न्यावा लागतो.

२००६ च्या शेवटी सेलाडोरने ‘मिलियनेअर’चे हक्क ‘टूवेट्रॅफिक’ या डच कंपनीला विकले. २००८ मध्ये सोनी पिक्चर्सने ती अख्खी कंपनीच विकत घेतली. त्यामुळे ज्या फॉरमॅटवर स्टार प्लसने राज्य केलं, त्याची मालकी प्रतिस्पर्धी सोनीच्या घरात आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ११ ऑक्टोबर २०१० ला, अमिताभ यांच्या वाढदिवशी केबीसी परत आलं. कुठे? सोनी टीव्हीवर. याला निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे.

आमच्या पिढीला पहिला सीझन आठवत नाही. आम्हाला आठवतो तो २०११ चा. बिहारचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत तोच एक विषय होता. तेव्हा आम्हाला वाटायचं की केबीसी पहिल्यापासून सोनीचंच आहे.

२०१४ नंतर पुन्हा खंड पडला आणि २०१७ मध्ये शो परतला तो हातात मोबाइल घेऊन. घरबसल्या ॲपवर सोबत खेळायची सोय आली. त्यानंतर दरवर्षी सीझन येतो आणि दरवर्षी एखादा नवा डाग-दागिना चढवला जातो. सामाजिक काम करणाऱ्यांसाठी ‘कर्मवीर’ भाग, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला ७५ लाखांचा ‘धन अमृत’ टप्पा, नंतर ‘सुपर संदूक’. पुनरागमनाची युक्ती हीच आहे. सांगाडा तोच ठेवायचा आणि बातमी होईल एवढंच बदलायचं.

ज्यांनी बनवलं, त्यांचं काय?

केबीसीला भारतीय कुणी केलं, याचं उत्तर आहे सिद्धार्थ बसू. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ करणारे तेच. त्यांच्या ‘सिनर्जी’ने, जी पुढे ‘बिग सिनर्जी’ झाली, पहिल्या सीझनपासून हा शो बनवला. कोणता प्रश्न सोपा, कोणता तिसऱ्या टप्प्यावर टाकायचा, गावातून आलेल्या माणसाची गोष्ट कशी खुलवायची, हे भारतातलं सगळं ज्ञान या टीमकडे साठलं होतं.

पण फॉरमॅट त्यांचा नव्हता. २०१८ च्या सुमारास निर्मिती सोनीच्याच ‘स्टुडिओनेक्स्ट’कडे गेली. आता फॉरमॅट सोनी समूहाचा, चॅनेल सोनीचं, ॲप सोनीचं आणि निर्मितीही सोनीची.

यात बेकायदा काही नाही. धंद्याच्या भाषेत हे शहाणपणाचंच आहे. पण एक गोष्ट लक्षात येते. शो घडवणारे हात आणि शोचा सातबारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर कितीही मन लावून बांधलं तरी जमीन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर शेवटचा शब्द त्याचाच असतो.

ब्रिटनमध्येही हाच नमुना दिसतो. तिथला मूळ शो फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद झाला. २०१८ मध्ये २० वर्षांचं निमित्त साधून जेरेमी क्लार्कसन यांना खुर्चीत बसवून तो परत आणला गेला. या वेळी निर्मिती होती ‘स्टेलिफाय मीडिया’ची. त्या कंपनीतही सोनीचा वाटा आहे.

मराठीतही तोच रस्ता

२०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं, सूत्रसंचालक सचिन खेडेकर. नंतर हे चॅनेल कलर्स मराठी झालं आणि २०१६ चा सीझन स्वप्निल जोशी यांनी केला.

ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी सुरू झालं. पुढच्याच वर्षी शो तिथे ‘कोण होणार करोडपती’ या नावाने परतला, नागराज मंजुळे यांच्यासोबत. २०२१ मध्ये सचिन खेडेकर पुन्हा त्या खुर्चीत आले.

हिंदीत जे २०१० मध्ये झालं, तेच मराठीत २०१९ मध्ये. मालकाने स्वतःचं घर बांधलं आणि सामान तिकडे हलवलं. प्रेक्षक म्हणून आपण चर्चा केली ती नागराज बरे की सचिन खेडेकर याची.

अमेरिकेत हा धंदा कितीतरी जुना

हे फक्त केबीसीपुरतं नाही. अमेरिकेत मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीने १९५० च्या दशकापासून गेम शोचं अक्षरशः कोठार भरून ठेवलं. ‘द प्राइस इज राइट’ १९५६ मध्ये सुरू झाला, बंद पडला आणि १९७२ मध्ये परत आला. तो आजही चालू आहे.

गुडसन १९९२ मध्ये गेले. त्यांचं कोठार हात बदलत ‘फ्रीमँटल’ या कंपनीकडे आलं. मग २०१६ च्या उन्हाळ्यात एबीसी वाहिनीवर काय दिसलं? ‘सेलिब्रिटी फॅमिली फ्यूड’, ‘टू टेल द ट्रुथ’ आणि ‘मॅच गेम’. तिन्ही गुडसन-टॉडमन यांचे. लोकांना वाटलं, जुन्या आठवणींची लाट आली. खरं तर गोदामाचं शटर उघडलं होतं.

वाहिन्यांना हे परवडतं, कारण मालिकेपेक्षा गेम शो स्वस्त पडतो. एका दिवसात अनेक भाग चित्रित होतात. कथा लिहावी लागत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि कलाकार संपावर गेले, तेव्हा वाहिन्यांनी वेळापत्रकातली भोकं बुजवायला गेम शो आणि रिॲलिटी शो वापरले.

आणि पैसा किती मोठा आहे, हे एका खटल्यातून कळतं. अमेरिकेत ‘मिलियनेअर’ डिस्नेच्या एबीसीवर तुफान चालला. नफ्यात वाटा मिळेल असा सेलाडोरचा करार होता, पण हिशोबात नफाच दिसेना. डिस्नेने आपल्याच कंपन्यांमध्ये आपसात व्यवहार करून नफा दडवला, असा सेलाडोरचा दावा होता. २०१० मध्ये ज्युरीने सेलाडोरच्या बाजूने सुमारे २७ कोटी डॉलरचा निकाल दिला आणि २०१२ मध्ये तो अपिलातही टिकला.

एका शोच्या हिशोबातला वादच २७ कोटी डॉलरचा. यावरून हॉट सीटवरच्या बक्षिसाची रक्कम नेमकी कुठे बसते ते समजतं. आपल्याकडे तर त्या बक्षिसावरही ३० टक्के कर कापूनच पैसे हातात येतात.

पण कल्पनेवर मालकी असते का?

गंमत इथेच आहे. कायद्याने नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. ‘ऑपर्च्युनिटी नॉक्स’ या ब्रिटिश शोचे ह्यूई ग्रीन न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेविरुद्ध प्रिव्ही काउन्सिलपर्यंत लढले. १९८९ मध्ये ते हरले, कारण फॉरमॅट म्हणून संरक्षण द्यावं असं ठोस काही न्यायालयाला दिसलं नाही. भारतातही कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं आहे.

मग सोनी नेमकं काय विकते? नाव, संगीत, ग्राफिक्स, सेट, लिखित बायबल आणि वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव. यातल्या एकेका गोष्टीला कायद्याचं कुंपण घालता येतं. शिवाय परवाना घेणाऱ्याला चुकांची किंमत मोजून शिकावं लागत नाही.

तरुण लेखक-निर्मात्यांनी इथे एक निकाल लक्षात ठेवावा. २००२ मध्ये अनिल गुप्ता विरुद्ध कुणाल दासगुप्ता या खटल्यात स्वयंवरावर आधारलेल्या शोची कल्पना वाहिनीला विश्वासाने सांगितली होती, असा वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने कल्पना मांडणाऱ्याला दिलासा दिला, कारण ती नुसती हवेतली नव्हती. तिची तपशीलवार टिपणं होती आणि ती गोपनीयतेच्या विश्वासावर सांगितली होती. थोडक्यात, चहाच्या टपरीवर सांगितलेली आयडिया कुणाचीही. लिहून, तारीख घालून, नोंद ठेवून सांगितलेली आयडिया तुमची ठरायची शक्यता बरीच जास्त.

मग आपलं कोठार कुठे आहे?

मराठी टीव्हीकडे कल्पना नाहीत, असं अजिबात नाही. २००४ मध्ये झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश भावोजी दारात येणार, वहिनी उखाणा घेणार, खेळ होणार आणि शेवटी पैठणी. हे लंडनच्या कुठल्याही ऑफिसात बसून सुचलं नसतं. हा शो जवळपास दोन दशकं चालला आणि २०२२ मध्ये ११ लाखांच्या पैठणीसह ‘महामिनिस्टर’ म्हणून नव्या रूपात आला. प्रश्न विचारणाऱ्या माणसापेक्षा घरात येणारा माणूस महत्त्वाचा, ही या शोची स्वतःची पाककृती आहे.

परदेशी फॉरमॅटचं शुल्क भरणं चूक नाही. ‘करोडपती’मुळे गावागावातली माणसं पडद्यावर आली आणि मराठीतून बोलली, हे छानच झालं. पण शुल्क सतत एकाच दिशेने जात असेल, तर पुढच्या २५ वर्षांनीही आपण दुसऱ्याच्या जमिनीवर उत्तम घरं बांधत राहू.

म्हणून पुढच्या वेळी जुना शो ‘नव्या रूपात’ परत आला की अँकर कोण, यावर रील जरूर बघा. मात्र एपिसोड संपल्यावर पाच सेकंद थांबा. बारीक अक्षरात फॉरमॅटच्या मालकाचं नाव येतं. शो परत आणायचा की नाही, कुठे आणायचा आणि कुणाच्या हातात द्यायचा, हे ते नाव ठरवतं.