पाळणा लांबवायचा विचार बाळंतपणाआधीच करा

“डॉक्टर, बाळ अंगावर पितंय, पाळीही आली नाही. मग दिवस कसे राहिले?” महालात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो.

उत्तर सोपे आहे. स्त्रीबीज आधी बाहेर पडते, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे पाळीची वाट पाहत बसलात तर त्याआधीच दिवस राहू शकतात. स्तनपानामुळे संरक्षण मिळते, पण तीन अटींवर: बाळ ६ महिन्यांच्या आतले हवे, पाळी सुरू झालेली नको आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचेच दूध हवे. यातली एक अट मोडली की भरवसा संपला.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तपासणी एका डॉक्टरकडे, प्रसूती दुसऱ्याकडे आणि नंतर बाळंतीण सासरी. ‘पुढचे मूल कधी?’ हे विचारायचे कोणी? प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने विचारले असेल. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, हा विषय सातव्या-आठव्या महिन्यातच, शक्यतो नवऱ्यासह, बोलला गेला पाहिजे. कळा सुरू असताना कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

बाळंतिणीसाठी सोयीचे उपाय:

- तांबी: प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सिझेरियनच्या वेळीच बसवता येते, नाहीतर ६ आठवड्यांनी.
- छाया गोळी: यात हार्मोन नाही. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.
- अंतरा इंजेक्शन: अंगावर पाजणाऱ्या आईला ६ आठवड्यांनंतर, दर ३ महिन्यांनी.
- निरोध: नवऱ्याचीही जबाबदारी आहेच!

यांपैकी कशानेही दूध आटत नाही. मात्र नेहमीच्या हार्मोनच्या मिश्र गोळ्या पहिले ६ महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका.

हे उपाय सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. महालकरांना डागा स्त्री रुग्णालय जवळच आहे. मेयो आणि मेडिकलही आहेत.

जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिन्यांचे अंतर सुचवते. अंतर फार कमी असेल तर आईचा रक्तक्षय भरून निघत नाही, आणि पुढचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्हीच विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.