नेहमी म्हणजे नेमकं किती?

'तू नेहमी कामातच असतोस.' 'तू कधीच स्वतःहून फोन करत नाहीस.' नवरा-बायको असोत, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड असोत, नाहीतर गावी असलेली आई आणि नोकरीसाठी शहरात आलेला मुलगा. भांडणात हे दोन शब्द हमखास येतात. नेहमी आणि कधीच. मधलं काही नाहीच! पण 'नेहमी' म्हणजे नेमकं किती, यावर कुणी डोकं चालवलंय का? चालवलंय बॉस, आणि तेही अठराशे वर्षांपूर्वी. ज्यूंच्या रब्बींनी. विषय काय, तर भाकरी.

जेरुसलेमच्या देवळात सोन्याने मढवलेलं एक मेज होतं. त्यावर बारा भाकऱ्या, सहा-सहाच्या दोन थप्प्या. पीठ अकरा चाळण्यांतून चाळलेलं. भाकऱ्यांमध्ये हवा खेळावी, बुरशी येऊ नये म्हणून मधे सोन्याच्या अर्धगोल नळ्या, एकूण 28. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, जुन्या भाकऱ्या उतरवायच्या, ताज्या मांडायच्या आणि उतरवलेल्या पुरोहितांनी वाटून खायच्या. बायबलमधला हुकूम असा, की ही भाकरी देवासमोर 'तामिद' हवी. तामिद म्हणजे नेहमी.

इथेच गोची आहे. जुनी उचलली आणि नवी ठेवली, या मधल्या दोन सेकंदांचं काय? तेवढा वेळ मेज रिकामं. मग 'नेहमी' कुठे राहिलं?

मिश्ना हा रब्बींचा कायदेग्रंथ इ. स. 200च्या सुमारास संकलित झाला. त्यात याचं उत्तर आहे आणि ते वाचून मला आपल्या शिफ्टचा हँडओव्हरच आठवला. आठ पुरोहितांची टीम. चौघं जुनं काढणारे, चौघं नवं आणणारे. आणणारे उत्तरेला, काढणारे दक्षिणेला, समोरासमोर. ते तिकडून ओढणार, तेव्हाच हे इकडून सरकवणार. मुठीला मूठ लागून! एक क्षणही मेज उघडं पडणार नाही. झीरो डाउनटाइम.

गंमत म्हणजे हे नियम लिहिले गेले तेव्हा ना मेज होतं, ना देऊळ. रोमनांनी ते इ. स. 70मध्येच जाळून पाडलं होतं. जागा गेली, पण कोण कुठे उभं राहायचं हे या लोकांनी जपून ठेवलं.

आता एंट्री रब्बी योसींची. ते म्हणाले, एवढी कसरत कशाला? आधी जुनी सगळी उचला, मग नवी मांडा. तेही 'नेहमी'च. बॅबिलोनियातल्या तालमूदमध्ये तर त्यांचं मत आणखी पुढे जातं. सकाळी जुनी काढली आणि थेट संध्याकाळी नवी मांडली, तरी हरकत नाही. मग 'नेहमी'चा अर्थ उरला काय? एवढाच, की मेजावर भाकरी नाही अशी रात्र जाता कामा नये.

मला हे वाक्य जाम आवडलं. कारण माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. तो नाइट शिफ्टला, ती सकाळच्या. तो घरी पोचतो तेव्हा ती निघते. पार्किंगमध्ये स्कूटरची चावी या हातातून त्या हातात जाते, तोच त्यांचा संसार. 'तू कधीच नसतोस' हे वाक्य त्यांच्या घरात एवढं झालं, की प्रकरण वेगळं राहण्यापर्यंत गेलं. दोघंही मूठ-मुठीचा हिशेब मांडत होते. तो पूर्ण होणं शक्यच नव्हतं! सध्या रात्री साडेनऊला त्याच्या ब्रेकमध्ये दहा मिनिटांचा फोन असतो. रोज. रोमँटिक काही नसतं. गॅस संपलाय, आईचा गुडघा दुखतोय, असलंच. पण ती रात्र कोरडी जात नाही.

तालमूद पुढे हाच धागा ओढतं. धर्मग्रंथ तुमच्या तोंडून कधी दूर होऊ नये, अशी आज्ञा आहे. म्हणजे पोटापाण्याचं सोडून दिवसभर पोथी? रब्बी अम्मी योसींच्याच मतावरून सांगतात, की सकाळी एक प्रकरण आणि संध्याकाळी एक प्रकरण वाचलं तरी आज्ञा पाळली गेली. आणखी एक मत तर सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेवरच भागवतं. वर सूचनाही आहे, की ही सवलत सामान्य माणसांना सांगू नका. का, ते उघड आहे. आपण लगेच तेवढ्यावरच थांबू! पण रावा नावाचे रब्बी नेमकं उलटं म्हणतात. सामान्यांना हे सांगणं हे तर पुण्याचं काम.

मी रावांच्या पार्टीतला. कारण चोवीस तास जमणार नाही हे कळल्यावर आपण बहुतेकदा दहा मिनिटंही सोडून देतो. रोज तासभर जिम होत नाही, म्हणून चालणंही बंद. महिन्यातून एकदा गावी जाता येत नाही, म्हणून फोनही नाही. शंभर टक्क्यांचा हट्ट असा शून्यावर येऊन संपतो.

फक्त एक लक्षात ठेवा. योसींनी दिवसभराची सूट दिली, पण रात्रीची नाही. म्हणजे ही शिथिलता नाही, डेडलाइन आहे. आणि आजची रात्र अजून व्हायचीय.