नगर पाहण्याची कला

प्रवासाला निघणाऱ्या माणसांची संख्या पूर्वीपेक्षा आज कितीतरी वाढली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रवासाला गेलेला प्रत्येक जण काही पाहून परत येतो, असे मात्र नाही. सकाळी एक किल्ला, दुपारी एक राजवाडा, सायंकाळी बाजारात खरेदी आणि मध्ये जागोजागी छायाचित्रे, असा कार्यक्रम उरकून पुष्कळ मंडळी घरी परततात. काय काय पाहिले, असे विचारले तर ती स्थळांची नावे भराभर सांगतात. ते स्थळ तेथेच का उभे राहिले, कोणी उभे केले, त्याचा उपयोग काय होता, असे विचारले की गप्प होतात. नावांची यादी म्हणजे प्रवास नव्हे. पाहणे म्हणजे प्रश्न विचारणे होय. राजेरजवाड्यांचे जुने नगर पाहताना तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. कारण तेथे डोळे दिपवणाऱ्या वस्तू इतक्या असतात, की विचार करण्यास सवडच उरत नाही.

राजस्थानातील जयपूर हे याचे उत्तम उदाहरण आहे. 'गुलाबी नगरी' म्हणून त्याची कीर्ती आहे आणि तेथे जाणारा प्रवासी त्या रंगावरच प्रथम भाळतो. परंतु हा रंग नगराइतका जुना नाही. नगराची स्थापना १८ नोव्हेंबर १७२७ रोजी झाली. शहराच्या दर्शनी भिंतींना गेरूसारखा रंग देण्यात आला तो १८७६ मध्ये, इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी. म्हणजे हा साज सुमारे दीडशे वर्षांनंतर चढवलेला आहे. तेव्हा जयपूरचे खरे वैभव रंगात नाही. ते कशात आहे, याचा शोध मात्र नगराबाहेरच्या डोंगरापासून घ्यावा लागतो.

जयपूरपासून सुमारे अकरा किलोमीटरवर, अरवलीच्या कुशीत आंबेर वसले आहे. कछवाह राजांची ही जुनी राजधानी. राजा मानसिंगांनी येथील राजवाड्याचे बांधकाम सुरू केले आणि मिर्झाराजे जयसिंगांनी त्यात भर घातली. १६६५ च्या पुरंदरच्या तहामुळे मिर्झाराजांचे नाव महाराष्ट्रातील मुलांना परिचयाचे आहे. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हा मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग यांनी त्यांच्याबद्दल हमी घेतली होती, हेही त्यांना ठाऊक असते. आंबेरच्या शीशमहालात भिंतींवर आणि छतावर आरशांचे असंख्य तुकडे बसवले आहेत. एक ज्योत लावली की शेकडो ज्योती चमकू लागतात. तेथे गर्दी होते, ते साहजिकच आहे. पण इतक्या उंचावरील या राजवाड्याला पाणी कोठून मिळत असे, असा प्रश्न फार थोड्यांना सुचतो. पायथ्याच्या मावठा तलावातील पाणी रहाटांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने वर चढवीत असत. त्या पाण्यावाचून राजवाड्यातील बागा फुलल्या नसत्या आणि तेथे माणसे राहूही शकली नसती. शीशमहालाचे कौतुक करणाऱ्याने रहाट चालवणाऱ्या अनामिक हातांनाही मनोमन नमस्कार करावा.

आंबेरच्या वरच्या डोंगरावर जयगड आहे. तेथे १७२० मध्ये ओतलेली 'जयवाण' नावाची प्रचंड तोफ ठेवलेली आहे. मुले तिच्याभोवती गोळा होतात आणि मोठी माणसे तिच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. गंमत अशी, की ही तोफ कोणत्याही लढाईत कधी डागली गेली नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर मात्र गडाची मोठमोठी टाकी आहेत. आसपासच्या डोंगरउतारांवर पडणारे पावसाचे पाणी पाटांनी वाहत या टाक्यांत येऊन साठे आणि गडाची तहान त्यावर भागत असे. तोफ आकाराने मोठी, पण टाकी उपयोगाने मोठी. जेथे पाऊस थोडा, तेथे तो वाया जाऊ न देणे हाही एक पराक्रमच होय. दुर्दैवाने या पराक्रमाकडे वळून पाहणारे प्रवासी थोडे असतात.

पुढे लोकवस्ती वाढली. डोंगरातली राजधानी अपुरी पडू लागली, तेव्हा सवाई जयसिंगांनी खालच्या सपाटीवर नवे नगर वसवण्याचे ठरवले. त्याच्या आखणीत बंगालमधील विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. बहुतेक जुनी शहरे वाट फुटेल तशी वाढलेली असतात. जयपूर मात्र आधी कागदावर आणि मग जमिनीवर उभे राहिले. नऊ चौकांची रचना ठरली. वायव्येस डोंगर आडवा आला, म्हणून तिकडचा चौक आग्नेयेकडे घेण्यात आला. योजना पक्की असूनही ती हटवादी नव्हती. मुख्य रस्ते शंभर फुटांहून अधिक रुंद, त्यांना मिळणारे रस्ते सुमारे त्याच्या निम्मे आणि गल्ल्या त्याहून अरुंद, असे प्रमाण राखले गेले. मोटारगाडी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या काळी हे रस्ते आखले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. व्यापारी आणि कारागीर यांना बोलावून जागा देण्यात आल्या. जवाहिऱ्यांचा जोहरी बाजार आणि लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा मणिहारोंका रास्ता ही नावे आजही त्याची साक्ष देतात.

राजवाड्याशेजारचे जंतरमंतर हे तर विद्येचे मंदिरच आहे. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात आणि त्यांवरील मोजमाप चुकते, म्हणून सवाई जयसिंगांनी चुना-दगडांची विशाल यंत्रे बांधवली. त्यांतील सम्राटयंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. ती सरकताना साध्या डोळ्यांना दिसते आणि तीवरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजता येतो. परंतु या यंत्रांहूनही मोठी आहे ती त्यांच्यामागील वृत्ती. राजांचे गुरू पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले. त्यांनी अरबी आणि फारसी या भाषा शिकून घेतल्या आणि ग्रीक पंडित युक्लिडचा भूमितीवरील ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. युरोपातील ज्योतिषाची माहिती मिळावी म्हणून राजांनी पोर्तुगालपर्यंत माणसे पाठवली. ज्ञान परक्याचे असो वा आपले, ते पारखून घ्यावे, हा त्यांचा बाणा होता. पुढे दुर्बिणींमुळे ही यंत्रे मागे पडली. तो बाणा मात्र कधीच जुना होणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला सगळीकडे स्तुतीच करावी लागते, असे नाही. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधवलेला पाच मजली हवामहाल आपल्या ९५३ लहान खिडक्यांमुळे जगभर प्रसिद्ध आहे. या जाळीदार खिडक्यांतून वारा आत येई आणि राजघराण्यातील स्त्रियांना रस्त्यावरच्या मिरवणुका पाहता येत. त्यांना मात्र कोणी पाहू नये, यासाठीच ही सारी योजना होती. कारागिरांच्या कौशल्याचे कौतुक करावे. परंतु जगाकडे जाळीआडूनच पाहण्याची सक्ती ज्यांच्यावर होती, त्यांचाही विचार मनात यावा. सौंदर्य पाहताना सत्य विसरू नये.

काही लोक म्हणतात, की राजे गेले, त्यांची राज्ये गेली, प्रजेच्या पैशातून बांधलेल्या या वास्तूंचे आता कौतुक कशाला? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या वास्तूंसाठी प्रजेचा पैसा आणि प्रजेचा घाम खर्ची पडला, त्या आज प्रजेच्याच नाहीत काय? पाथरवटाने घडवलेली कमान, गवंड्याने रचलेली भिंत आणि पंडिताने मोजलेली सावली हे साऱ्या देशाचे धन आहे. जंतरमंतरचा २०१० मध्ये, आंबेरच्या किल्ल्याचा २०१३ मध्ये आणि जयपूरच्या जुन्या नगराचा २०१९ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. आता हे धन केवळ भारताचे नव्हे, तर मानवजातीचे मानले जाते.

धन म्हटले की ते राखण्याची जबाबदारी आलीच. जुन्या भिंतींवर खिळ्याने आपली नावे कोरणारे प्रवासी प्रत्येक ऐतिहासिक स्थळी भेटतात. ज्या कारागिराने ती भिंत उभारली, त्याने आपले नाव तीवर लिहिले नाही. आणि घटकाभर येऊन जाणारा पाहुणा मात्र आपले नाव कोरून जातो! आंबेरच्या वाटेवर मानसागर तलावात जलमहाल उभा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराचे सांडपाणी मिसळून हा तलाव इतका दूषित झाला, की पुढे तो स्वच्छ करण्यासाठी मोठे प्रयत्न करावे लागले. पाण्याचा थेंब थेंब जपणाऱ्या पूर्वजांच्या नगरात असे घडावे, ही खेदाची गोष्ट होय. वारसा नष्ट करण्यास शत्रूच यावा लागतो असे नाही. वारसदारांची बेफिकिरी त्यास पुरेशी असते.

म्हणून जयपूर असो, की आपल्या गावाजवळचा एखादा पडका वाडा असो, तेथे जाणाऱ्याने घाई करू नये. दहा स्थळे धावत पाहण्यापेक्षा दोनच स्थळे थांबून पाहावीत. पाणी कोठून आले, रस्ता असा का वळला, हे कोणाच्या हातांनी घडले, असे प्रश्न दगडांना विचारावेत. दगड बोलत नाहीत, हा केवळ समज आहे. विचारणाऱ्याशी ते बोलतात. न विचारणाऱ्यापुढे मात्र मुके राहतात.