अळंबी, अफू आणि लाल पिशवी

टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’त एक लग्न अळंबीपायी राहून जाते. सहाव्या भागात जमीनदार लेविनचा सावत्र भाऊ कोझ्निशेव्ह आणि लेविनची पत्नी किटी हिची मैत्रीण वारेन्का मुलांना घेऊन रानात अळंबी वेचायला जातात. कोझ्निशेव्ह विद्वान आणि विचारी गृहस्थ. झाडाआड सिगार ओढत तो साऱ्या बाजूंनी विचार करतो, मागणी घालायचे नक्की करतो आणि वाक्येही जुळवून ठेवतो. दोघे मुलांपासून दूर येतात. वारेन्काला सारे कळलेले असते, ती वाट पाहत असते. मग शांतता असह्य होऊन तीच अळंबीविषयी काहीतरी बोलते. कोझ्निशेव्हच्या तोंडूनही ठरवलेल्या वाक्याऐवजी दोन जातींच्या अळंबीत फरक काय, हा प्रश्न निघतो. फरक टोपीत नसतो, देठात असतो, असे ती सांगते. एवढ्यावर विषय संपतो, कायमचा. नकार कोणीच दिलेला नसतो.

कादंबरीतल्या बहुतेक मोठ्या गोष्टी अशा निमिषात घडतात किंवा राहून जातात. घोड्यांच्या शर्यतीत शेवटचा खंदक ओलांडताना ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की खोगिरावर क्षणभर आधी टेकतो आणि फ्रू-फ्रू या त्याच्या घोडीची पाठ मोडते. पण या निमिषांना वजन येते ते त्यांच्या आधीच्या प्रतीक्षेमुळे, आणि ती रंगवताना टॉलस्टॉय पानांची काटकसर करत नाही.

सातव्या भागात किटीला कळा सुरू होतात तेव्हा लेविनची तारांबळ उडते. डॉक्टर अजून झोपलेला. त्याचा नोकर दिव्याच्या काचा पुसण्यात दंग. औषधाच्या दुकानातला माणूस अफूचे औषध मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत सावकाश ओततो, चिठ्ठी डकवतो, नको म्हटले तरी मोहोर लावतो. वर कागदात गुंडाळू लागतो तेव्हा मात्र लेविन बाटली त्याच्या हातातून हिसकावतो. पुढे त्याला वेळेचे भान उरत नाही आणि नास्तिक म्हणवणारा हा माणूस देवाचा धावा करू लागतो. भीती कितीही मोठी असली, तरी या प्रतीक्षेला शेवट आहे.

ॲनाच्या प्रतीक्षेला तसा शेवट नाही. नवऱ्याकडून घटस्फोटाचे उत्तर येईल म्हणून ती आणि व्रॉन्स्की मॉस्कोत मुक्काम करतात, महिने जातात. अखेर पीटर्सबर्गमध्ये तिचा नवरा कॅरेनिन नकाराचा निर्णय घेतो तो लांदो नावाच्या फ्रेंच भोंदूच्या झोपेतल्या बडबडीवरून. कादंबरीतला हा सर्वांत क्रूर विनोद म्हणावा लागेल. इकडे रिकाम्या वेळात ॲना व्रॉन्स्कीच्या प्रत्येक उशिराचा अर्थ लावत बसते. शेवटच्या दिवशी तिची चिठ्ठी त्याला वेळेवर पोहोचत नाही, तारेचे उत्तर कोरडे वाटते. ओबिरालोव्का स्थानकावर गाडीवान त्याचा निरोप आणतो: दहा वाजता येईन. वेळ अगदी स्पष्ट सांगितलेली आहे, पण ॲनाच्या मनात आता दहा वाजणारच नसतात.

ती मालगाडीखाली झोकून द्यायला जाते, पण पहिला डबा तिच्या हातून सुटतो. हातातली लाल पिशवी काढताना उशीर होतो आणि पुढच्या डब्यासाठी थांबावे लागते. त्या थोडक्या वेळात ती सवयीने छातीवर क्रूस काढते, बालपण डोळ्यांपुढे येते, जगणे क्षणभर पुन्हा उजळते. तरीही ती डब्यावरची नजर काढत नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ही पिशवी गाळून प्रसंग वेगवान केला असता. इथे तिच्यामुळेच वाचकाला ॲना परत फिरेल अशी आशा वाटते.

वाचकांनाही थांबावे लागलेच. कादंबरी ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकात १८७५ ते १८७७ या काळात मध्ये खंड पडत येत राहिली. आठव्या भागातली सर्बियातील युद्धाला जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांवरची टीका संपादक कात्कोव्हला रुचली नाही. त्याने तो भाग छापला नाही. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरे तर संपलीच, अशा आशयाचे टिपण दिले. टॉलस्टॉयने १८७७ मध्येच तो भाग स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढला. त्यात लेविनचा जगण्याच्या अर्थाचा शोध पुढे चालू राहतो आणि युद्धावर निघालेला व्रॉन्स्की फलाटावर गाडी सुटण्याची वाट पाहत येरझाऱ्या घालताना दिसतो.